उपवासकाळात बुधवारची उपासना आणि मंडळीबाहेरची सेवा, दोन्ही कसं जमवता?

नवी_सेक्रेटरी

सर्वांना सलाम. आमच्या लूथरन मंडळीच्या कमिटीने यंदा उपवासकाळातली (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतली) बुधवार संध्याकाळची उपासना आणि बाहेरची सेवा, दोन्ही माझ्याकडे सोपवल्या आहेत. काम मी आनंदाने घेतलं, पण कमिटीत सरळ दोन तट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात, हे चाळीस दिवस पश्चात्तापाचे, आपण आपल्या आत बघायचं. लोकांकडे जायचं ते ईस्टरनंतर. तरुण म्हणतात, दर शनिवारी गरजूंना वाटप करून पत्रिका दिल्याच पाहिजेत, नाहीतर उपास कसला?

बुधवारी मोजकीच माणसं येतात आणि प्रत्येक कामाला तीच लागतात. त्यातलीच निम्मी गायनमंडळात, त्यांची उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तयारी वेगळी. शिवाय उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, भस्म बुधवारी, मंडळीबाहेरचे काही लोक कपाळावर राख लावून घ्यायला येतात. बाप्तिस्मा न झालेल्यांना लावायची का, यावरही वाद आहे. तुमच्याकडे कसं करता?

मागचं_बाकडं

ताई, मी बरीच वर्षं मंडळीच्या घरभेटींचं काम बघतो, त्या अनुभवावरून लिहितो. उपवासकाळात नवा उपक्रम काढूच नका. बाहेरची सेवा बुधवारच्या उपासनेतूनच निघू द्या. शनिवारचं वेगळं काम म्हणून ती जोडली की माणसं दमतात आणि उपासनाही ओस पडते.

आता प्रत्यक्षात कसं, ते सांगतो. भस्म बुधवार झाला की पवित्र आठवड्याच्या (ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याच्या) आधी पाच बुधवार मिळतात. आपल्या परंपरेचा जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याच्या लहान कॅटेकिझमचे (विश्वास शिकवणाऱ्या छोट्या पुस्तकाचे) मोठे भाग घ्या: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार). पाच बुधवारांना पाच. पापांगीकाराचा भाग आम्ही भस्म बुधवारीच वाचतो, त्या दिवशी तो शोभतोही. १५२८ च्या सुमारास गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी करताना लोकांना विश्वासाच्या मूळ गोष्टीही ठाऊक नाहीत हे लूथरने बघितलं, आणि १५२९ साली पोटतिडकीने हे पुस्तक काढलं. घरच्या कर्त्या माणसाने घरातल्यांना शिकवावं एवढं ते सोपं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या) वर्गात पाठ केलं आणि मिटून ठेवलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण बाहेरची सेवा तिथेच लिहिलेली आहे. ‘खून करू नको’ (आपल्या मोजणीत पाचवी आज्ञा) याचा अर्थ लूथर एवढाच सांगत नाही की शेजाऱ्याला इजा करू नको. त्याच्या देहाच्या प्रत्येक गरजेत त्याला मदत कर, असं तो सांगतो. ‘चोरी करू नको’ म्हणजे त्याची मालमत्ता आणि उपजीविका टिकावी, वाढावी म्हणून हातभार लाव. आणि ‘रोजची भाकर’ म्हणजे काय, तर अन्नवस्त्र, घर, चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, चांगले मित्र, विश्वासू शेजारी, ही सगळी यादी! त्या बुधवारी हे मोठ्याने वाचा, मग थांबा आणि विचारा: आपल्या ओळखीत यातलं काय कुणाकडे नाही? एखाद्याचं काम सुटलेलं असतं, कुणाला दवाखान्यात न्यायला माणूस नसतो. नावं कागदावर येतात आणि त्या आठवड्याची सेवा ठरते. अर्पणही त्यालाच जातं. तुमचे तरुण हे हौसेने करतील, बघा, आणि ज्येष्ठांना पश्चात्ताप सोडल्यासारखं वाटणार नाही.

पैशाचा हिशोब मात्र उघडा ठेवा. १५२३ साली जर्मनीतल्या लाइस्निग गावच्या मंडळीने सामाईक पेटीचा (मंडळीच्या एकत्र निधीचा) नियम केला, त्याला प्रस्तावना लूथरची. दरवर्षी दहा कारभारी निवडायचे, त्यात सरदार, नगरसभा, गावकरी आणि शेतकरी सगळ्यांची माणसं. पेटीला चार कुलपं आणि चार किल्ल्या, प्रत्येक गटाकडे एक. कारभाऱ्यांनी दर रविवारी बसून गरजूंचं बघायचं. मंडळीने गरिबांची काळजी घेणं हा कधी तरी करायचा कार्यक्रम नव्हता, आठवड्याचा नेम होता.

एक गट मात्र नेहमी सुटतो, तो आपल्याच यादीतल्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांचा. बाहेरची सेवा म्हणताना ते कुणाला आठवत नाहीत. आमच्या मंडळीतल्या एका आजींकडे पाळकसाहेबांबरोबर जातो. स्टुलावर पांढरा रुमाल अंथरायचा, प्रभुभोजनाची लहान पेटी उघडायची. आजींना माझं नाव आठवत नाही, पाळकसाहेबांनाही त्या कधी कधी डॉक्टर समजतात. पण पापांगीकार सुरू झाला की त्यांचे ओठ हलू लागतात, आणि प्रभूच्या प्रार्थनेत त्या आमच्या पुढे जातात, आम्हाला त्यांचा वेग धरावा लागतो. दृढीकरणाच्या वर्गातली मुलं तिथे न्या, आळीपाळीने दोघं दोघं. पाठांतर कशासाठी, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

रविवारी काहीही लादू नका. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार मोजा, शेचाळीस दिवस भरतात; सहा रविवार वजा केले की चाळीस. प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच, म्हणून तो उपासात धरत नाहीत. दमलेल्या माणसांना तो मिळू द्या.

उपास आणि दान करून देवाकडे काही जमा होत नाही, हे १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या (लूथरन विश्वासाच्या मूळ निवेदनाच्या) सव्विसाव्या कलमात स्पष्ट आहे. देहाला शिस्त लावायला उपास चांगला, कृपा मिळवायला नाही. तरुणांना हे प्रेमाने सांगा. आणि सक्ती कुणावर नको. १५२२ च्या उपवासकाळातच, ९ मार्चपासून सलग आठ दिवस लूथरने आपल्या विटेनबर्ग गावात प्रवचनं केली ती याचसाठी: बदल वचनाने होऊ द्या, अशक्त भावंडांना फरफटत नेऊ नका.

वेदीसेविका

राखेबद्दल आमच्याकडचं सांगते. राख हा संस्कार नाही, म्हणून जो पुढे येईल त्याला लावतो, बाप्तिस्म्याचं विचारत नाही. राख मरणाची आठवण, आणि मरण सगळ्यांनाच आहे. प्रभुभोजनाचं वेगळं, ते पाळकसाहेब आधीच दोन वाक्यांत समजावतात, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून राख करतो आणि ती बारीक कापडातून चाळतो. काड्या राहिल्या तर कपाळाला टोचतात. मळायला एखादा थेंब तेलच घ्यावं, पाणी कधीच नाही. राखेत पाणी पडलं की क्षार सुटतो आणि नाजूक कातडी भाजते; बाहेरून आलेल्या माणसाची तीच आठवण राहायला नको. शेवटी दाराशी कुणीतरी उभं राहावं आणि पुढच्या बुधवारची वेळ तोंडी सांगावी. हातात पत्रिका देण्यापेक्षा मला ते जवळचं वाटतं.

ऑर्गनवाला

गायनमंडळाला बुधवारी मोकळं सोडा, मंडळीलाच गाऊ द्या. स्तोत्र ५१ आळीपाळीने, एक ओळ पुढारी, एक ओळ सगळे, वाद्याशिवाय. हालेलूया तर आपण या काळात म्हणतच नाही, तसं संगीतही साधं राहिलं तर बिघडत नाही. जर्मन संगीतकार बाखच्या लाइपझिगमध्ये उपवासकाळात कॅन्टाटा (उपासनेतल्या वाद्यांसह गायच्या रचना) बंद असत, अपवाद फक्त मरीयेला देवदूताने निरोप दिल्याच्या सणाचा. मग उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळच्या उपासनेत पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाची संगीतमय कथा. ‘योहानाच्या शुभवर्तमानानुसार पॅशन’ ७ एप्रिल १७२४ ला तिथे पहिल्यांदा झालं. त्या शांत आठवड्यांत सराव होत असणार. तुमचेही गायक तेवढी उसंत मागतायत.

नवी_सेक्रेटरी

मनापासून आभार. कमिटीपुढे असं मांडते: पाच बुधवार, पाच भाग, अर्पण त्या त्या गरजेला, शनिवारचा उपक्रम नाही. गायकांना बुधवारी सुटी. घरभेटींची यादी मी आणि पाळकसाहेब मिळून करतो. एक शंका राहिली: नावं उपासनेत मोठ्याने घेतली तर ज्याचं काम सुटलंय त्याला लाज वाटणार नाही का?

मागचं_बाकडं

वाटेल, म्हणून नाव मोठ्याने कधीच घ्यायचं नाही. चिठ्ठीवर लिहून घडी घालून अर्पणाच्या ताटात टाकायचं. त्या चिठ्ठ्या पाळकसाहेब आणि दोन कारभारी उघडतात, बाकी कुणी नाही. प्रार्थनेत फक्त ‘ज्यांना काम हवं आहे’ एवढंच म्हणायचं. आणि ज्याच्यासाठी चिठ्ठी आली त्याच्या घरी जायच्या आधी त्याला विचारायचं, येऊ का. तो नको म्हणाला तर त्या आठवड्यात नाही जायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचं.