लिपिडच्या फुग्यावर नॅनोकण सोडून पेशीचं काय कळणार?

लॅबवाली_सांगली: परवा इथे एकाने लिहिलं, 'नॅनोकण पेशीला काय करतात याचा अभ्यास म्हणे लिपिडच्या फुग्यांवर चालतो. ना जिवंत पेशी, ना रक्त. सरकारी पैशाचा चुराडा.' वर लोकांनी वाहवा केली. डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

पेशीवर चांदीचे कण सोडले, पेशी मेली. कशाने? पटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, फाटलं, की पेशीने कण गिळले आणि आत घोळ झाला, की विरघळलेल्या चांदीने मारलं? जिवंत पेशीत हे सगळं एकदम चालू असतं. फुग्यात नुसतं पटल असतं, लिपिडचं, म्हणजे स्निग्ध रेणूंचं, जेमतेम 4-5 नॅनोमीटर जाडीचं. आम्ही आत सुक्रोजचं पाणी भरतो, बाहेर ग्लुकोजचं. सूक्ष्मदर्शकाखाली फुगा गडद दिसतो, भोवती उजळ कडा. धनप्रभारित कण सोडले की कधीकधी डोळ्यांदेखत तो गडदपणा उतरतो. आतलं-बाहेरचं पाणी मिसळलं, म्हणजे भोक पडलं! इथे गिळणारं कुणी नाही, म्हणजे काम कणाचंच. पेशीवर हे इतकं स्वच्छ दाखवा बघू.

मिरजेचा_डॉक्टर: मॅडम, रक्तात शिरला की कणावर प्रथिनांचा थर चढतो. पेशी त्या थराला भेटते, तुमच्या उघड्या कणाला नाही. शिवाय तुमच्या फुग्यात रिसेप्टर, म्हणजे बाहेरचं ओळखून पकडणारी प्रथिनं, नाहीत, आतला सांगाडा नाही. ओपीडीत रोज कुणीतरी 'नॅनो' छापलेली बाटली घेऊन विचारतं, घेऊ का? त्याला मी फुगा दाखवू?

लॅबवाली_सांगली: सीरम, म्हणजे रक्तातला प्रथिनांचा द्रव, घालूनही प्रयोग होतात, डॉक्टर. आणि पटल दुहेरी आहे हे कळलं कशातून? 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतली लिपिडं पाण्यावर पसरली, तो थर पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला, त्यातून!

मिरजेचा_डॉक्टर: हो, आणि लिपिड पुरतं निघालं नव्हतं, पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना कापलं म्हणून उत्तर जुळलं. नशीब म्हणा.

तासगावचा_बागायतदार: फुगे राहू द्या ताई. आमच्याकडं एक दुकानदार म्हणतो, युरियाचं पोतं पाहिजे तर नॅनोची बाटली घ्यायचीच. 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलोच्या वर. पहिला नॅनो युरिया आला त्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. किलो कुठं, ग्रॅम कुठं! कण पानात शिरतो म्हणतात. शिरतो का, एवढंच सांगा.

पलूसचा_ऊसवाला: मी मारलाय. उसाला चांगली काळोखी आली.

तासगावचा_बागायतदार: फवारल्यावर पाऊस झाला का नाही त्या आठवड्यात? काळोखी पावसाची, श्रेय बाटलीला! एक पट्टा न मारता ठेवला होता का?

पलूसचा_ऊसवाला: माझं रान, माझा ऊस. डोळ्यानं बघितलंय. तुम्ही कोण शिकवणारे?

तासगावचा_बागायतदार: तुमच्यासारख्यांमुळंच दुकानदार सोकावलेत. बिल मागितलं तर अंगावर येतो.

लॅबवाली_सांगली: भांडू नका. पानावर आधी मेणाचा थर, मग पेशीभित्तिका. तिची छिद्रं काही नॅनोमीटरची आणि कण 20 ते 50 नॅनोमीटरचे सांगतात. पटल लागतं ते त्याच्याही पुढे. पर्णरंध्रातून आत गेला तरी भित्तिका चुकत नाही. हे माझ्या फुग्यावर तपासता येत नाही, त्याला पानच हवं. आणि काळोखीबद्दल दादांचं बरोबर आहे, न मारलेला पट्टा नसेल तर काहीच सांगता येत नाही.

मिरजेचा_डॉक्टर: मी वेगळं काय म्हणत होतो?

लॅबवाली_सांगली: तुम्ही सगळंच निकाली काढत होता. एमआरएनए लसीचं बघा. लिपिडकण पेशीच्या आतल्या पिशवीत अडकतो, तिथल्या आम्लात त्याचं लिपिड धनप्रभारित होतं, पिशवीच्या पटलाला भिडतं, आणि मगच आतला माल सुटतो. हा आम्लाचा टप्पा सुटा काढून कुठे बघणार? पेशीत?

मिरजेचा_डॉक्टर: ठीक. तेवढ्यापुरतं मान्य. पण कण सुरक्षित आहे असं फुग्यावरून कुणी छापलं, तर मी पुन्हा येणार.

लॅबवाली_सांगली: या. तसं छापणाऱ्याशी आधी मीच भांडेन.

तासगावचा_बागायतदार: आणि माझ्या बाटलीच्या बिलाचं?