शस्त्रक्रियेआधीची व नंतरची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकावीत का?

प्रश्न: मी प्लास्टिक सर्जन आहे. नाकाच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर रुग्ण महिलेची सही असताना तिची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकल्यास कायदेशीर अडचण येईल का?

उत्तर १: येऊ शकते. शस्त्रक्रियेची संमती ही प्रसिद्धीची संमती नव्हे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ओळख पटेल असे छायाचित्र रुग्णाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारली तरी नाक, हनुवटी, गळ्यातले मंगळसूत्र यांवरून शेजारीपाजारी ओळखतातच. स्वतंत्र लेखी परवानगी घ्या.

उत्तर २: परवानगी मिळाली तरी त्याच संहितेतील रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यावरची बंदी कायम राहते.

उत्तर ३: थेट प्रक्षेपण तर कटाक्षाने टाळा. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या वैद्यकीय मंडळाने २०२३ मध्ये टिकटॉकवर शस्त्रक्रिया दाखवणाऱ्या एका प्लास्टिक सर्जनचा परवाना कायमचा रद्द केला.