मदत हवी आहे : ‘चांगलंय की!’ या उत्तराचं काय करू?

नमस्कार मंडळी. कांद्याचे बाजारभाव दाखवणाऱ्या ॲपसाठी निफाड तालुक्यात शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतेय. ‘हे ॲप वापराल का?’ विचारलं की सगळे म्हणतात, ‘चांगलंय की!’ (चहा पाजून वर नाही कोण म्हणेल?) म्हणून प्रश्न बदलला : ‘मागच्या खेपेला लासलगावला माल नेलात, तेव्हा आदल्या दिवशी भाव कुणाला विचारला?’ लगेच व्यापाऱ्याचा फोन, व्हॉट्सॲप ग्रुप, मेहुणा, सगळं बाहेर आलं.

अडलंय ते प्रश्नावलीत. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ या पाच पर्यायांत बहुतेक जण मधलाच निवडतात. सोप्या बोलीत हे कसं विचारावं? आणि उत्पन्नाचा प्रश्न शेवटी ठेवू की गाळूनच टाकू? कुणी असं काम केलंय का?