गल्लीतली डुकरं गेली, पकडणाऱ्या पोराचं काय?

लष्करकर:
परवा सकाळी आमच्या मागच्या गल्लीत डुकरं पकडायला ट्रॉली आली. आमच्या ग्वाल्हेरच्या स्वर्णरेखा नाल्याकाठचं नेहमीचंच खटलं. विशीतल्या एका पोरानं दोराचा फास टाकून मादी आडवी पाडली, मानेवर गुडघा रोवला आणि मागचे पाय बांधले. ती किंचाळत फुरफुरत होती, शेंबूड थेट त्याच्या गालावर. त्यानं तो बाहीला पुसला आणि त्याच हातानं गुटख्याची पुडी फोडली. पायात चपला. गच्चीवरून बघणारे आम्ही मात्र नाकाला रुमाल लावून!

डुकरांच्या आजारांची धास्ती आपल्याला, धोका मात्र त्याला. मलेशियात १९९८-९९ मध्ये वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांतून माणसांत निपाह विषाणू आला तेव्हा २६५ जण आजारी पडले, १०५ गेले. बहुतेक डुकरांत काम करणारे. सिंगापूरला तर कत्तलखान्यातल्या ११ कामगारांना झाला, एक दगावला. त्यांनी डुकरं पाळलीही नव्हती, मलेशियातून आलेली नुसती कापली होती. म्हणून हातमोजे, गमबूट आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी, हे ठेक्याच्या कागदातच यायला हवं.

बाड्यावरचा:
काका, निपाहचं नाव घेऊन घाबरवू नका. आपल्याकडे २००१ ला सिलीगुडीत आणि २०१८ ला कोझिकोडला आला त्यात डुक्कर कुठेच नव्हतं. दोन्हीकडे पसरला तो दवाखान्यांत, माणसाकडून माणसाला. मलेशियात डुकरांचे गोठे फळबागांना खेटून होते, वटवाघळांनी उष्टावलेली फळं खाली पडायची. आपल्या नाल्यावर कसली फळबाग? पन्नी आणि शिळी पोळी. डुकरं शहराबाहेर काढा, विषय मिटला.

मोरारची वहिनी:
बाहेर म्हणजे कुठे, भाऊ? तिथेही कुणीतरी त्यांच्यात हात घालणारच ना? इजिप्तनं २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीनं देशातली झाडून सगळी डुकरं मारली. कैरोत कचरा वेचणाऱ्या लोकांचीच ती, शहराचं खरकटं खाऊन जगायची. पुढे रस्त्यांवर कुजक्या अन्नाचे ढीग लागले. आणि तो फ्लू तर माणसांतूनच पसरत होता!

बाड्यावरचा:
वहिनी, म्हणजे डुकरं गल्लीत राहू द्यायची? नातवंडं तिथेच खेळतात हो.

मोरारची वहिनी:
तसं कुठे म्हटलं मी? नेताना नेणाऱ्याकडेही बघा, एवढंच.

निवृत्त ढोरडॉक्टर:
बत्तीस वर्षं जनावरांत काढली, म्हणून लिहितो. अडलेल्या डुकरिणीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून पिल्लं काढली आहेत. मोजे संपले की तसाच. जार, रक्त, शेण सगळं अंगावर. तेव्हा लष्करकर, तुमच्या मोज्या-बुटांना माझा पाठिंबा.

रक्ततपासणीला मात्र विरोध. पशुवैद्य आणि डुक्करपालकांच्या रक्तात हेपटायटिस ई या काविळीच्या विषाणूच्या अँटीबॉडी इतरांपेक्षा जास्त सापडतात, हे बऱ्याच देशांत दिसलंय. पण अँटीबॉडी म्हणजे आजार नव्हे. विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला, एवढाच अर्थ. शिवाय आपल्याकडे माणसांत कावीळ पसरवणारा या विषाणूचा प्रकार वेगळा, डुकरांतला वेगळा. दिल्लीत १९५५-५६ मध्ये २९ हजार लोकांना कावीळ झाली ती नळात सांडपाणी शिरल्यामुळे. आता हा रिपोर्ट ठेकेदाराच्या हातात पडला तर काय होईल? पोराला उद्यापासून येऊ नको म्हणेल. आजार नसताना पोटावर पाय.

तपासणीपेक्षा एक प्रश्न स्वस्त आहे: ताप घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टरनं विचारावं, काम काय करतोस? मलेशियात आधी सगळ्यांना वाटलं जपानी मेंदूज्वर आहे. डुकरांत तो विषाणू वाढतो, डासांतून माणसाला येतो, म्हणून औषधफवारणी केली, लसी टोचल्या. महिने गेले. पण तो ज्वर सहसा लहान मुलांना गाठतो. इथे पडत होते धडधाकट बाप्ये, तेही डुकरं हाताळणारेच. डास काय धंदा विचारून चावतो? त्या विसंगतीवरून नवा विषाणू सापडला, तोवर मार्च १९९९ उजाडला होता.

(डुकरं मरताहेत म्हणून आफ्रिकन स्वाइन फीवरलाही लोक घाबरतात. तो माणसाला होतच नाही. डुक्करपालकाला कंगाल करतो, ते वेगळं.)

लष्करकर:
डॉक्टरसाहेब, ठेकेदाराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण रिपोर्ट फक्त पोराच्याच हातात दिला तर? तपासणीच नको, हे मला अजून पटत नाही.

निवृत्त ढोरडॉक्टर:
त्याच्या हातात द्या आणि अर्थ समजावणारा माणूसही द्या. तो कुठून आणता?

बाड्यावरचा:
आणि मोजे? मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. कोण घालणार? आठ दिवसांत ट्रॉलीच्या खिळ्याला लटकलेले दिसतील.

लष्करकर:
आज ट्रॉली परत आली होती. त्याच पोराला विचारलं. म्हणाला, "भैया, दस्ताने में रस्सी फिसलती है. एक बार फिसली थी, सुअरिया ने यहाँ काट लिया." मनगटावर अर्धवट भरलेली जखम. त्यावर चुना लावलेला.

मोरारची वहिनी:
अहो, ती उघडी जखम घेऊन तो परत डुकरं धरतोय! आमच्याकडे ड्रेसिंगचं सामान आहे. ट्रॉली पुन्हा कधी येणार?

लष्करकर:
गुरुवारी. साबण-पाण्याची बादली मी खाली ठेवतो.