फोन, घड्याळ, अ‍ॅप: तुमच्या घरचे अनुभव सांगा

नोव्हेंबर आला की आमच्याकडे बाबांच्या हयातीच्या दाखल्याची गडबड सुरू होते. आधी गुडघे दुखत असतानाही सकाळीच बँकेत जाऊन लाईनीत बसायचे. हा पेन्शनसाठीचा दाखला ऑनलाईन काढायची सरकारी सोय, जीवन प्रमाण, २०१४ पासून आहे, पण तेव्हा बोटाचा ठसा लागायचा, आणि बाबांनी सगळी नोकरी छापखान्यात खिळे जुळवण्यात काढली, बोटं पार गुळगुळीत, मशीन ठसा घेतच नव्हतं. मग २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली. मागच्या वर्षी मीच करून दिलं. यंदा ठरवलं की फोन त्यांच्याच हातात द्यायचा, मी फक्त बाजूला बसणार. पहिल्या दोन वेळा जमलं नाही कारण पाठीमागे ट्यूबलाईट होती आणि चेहरा काळा येत होता, मग देवघराजवळच्या खिडकीकडे तोंड करून बसले, चष्मा काढला, स्क्रीनवरचा गोल हिरवा झाला, डोळ्यांची उघडझाप केली आणि झालं. पाऊण तास लागला. पण मेसेज आल्यावर त्यातला दाखल्याचा नंबर त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून डायरीत लिहिला, तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

तुमच्याकडे कसं आहे? फोन असो, घड्याळ असो, एखादं अ‍ॅप असो, काय जमलं, काय बिघडलं, सगळं लिहा. मोठं झालं तरी चालेल.

*

मी जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो, मानेवाडा ते बर्डी दिवसभर गाडीवर. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको, २०१३ ला तर ४७.९ पर्यंत गेला होता पारा. फोन हँडलला लावलेला असतो, दुपारी दोनला स्क्रीन आपोआप अंधुक होते, मॅप दिसत नाही, चार्जिंग लावलं तरी चढत नाही. मला वाटायचं फोनच खराब झाला. दुकानात गेलो तर तो दादा म्हणाला की बॅटरी जास्त तापली की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, आयफोनवाले तर ० ते ३५ अंशातच वापरा म्हणून सांगतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतसुद्धा त्याच्या वर. आता मी उन्हात चार्जिंग लावतच नाही, सिग्नलला थांबलो की दुपट्ट्याचं टोक फोनवर टाकतो आणि रस्ता आधीच ऐकून घेतो. माझ्या मित्राने फोन फ्रीजमध्ये ठेवला होता, असं कोणी करू नका, आत पाणी धरतं.

*

मुलाने घड्याळ दिलं वाढदिवसाला. गोकुळपेठच्या बाजारात तासभर फिरले, दोन्ही हातात पिशव्या, घरी येऊन बघते तर पावलं अगदीच थोडी, आणि पर्समधला फोन जवळपास तिप्पट दाखवून राहिला. हात हलला नाही तर घड्याळाला चाललेलं नीट कळत नाही म्हणे. नाडीचंही तसंच, पट्टा ढिला होता तेव्हा बसल्या जागी १३० दाखवत होतं, जीव घाबरला माझा. मनगटाच्या हाडाच्या थोडं वर घट्ट बांधलं तर ७८. खाली जो हिरवा दिवा असतो तो कातडीला टेकला पाहिजे, एवढंच.

*

मला आईचं सांगायचं आहे, कारण हे अजून कोणाच्या आईसोबत होऊ नये. आम्ही नंदनवनला राहतो. जुना दिवाण विकायचा होता म्हणून भावाने फोटो टाकला, अर्ध्या तासात एकाचा फोन, भाव पण केला नाही, म्हणाला काकू मी आत्ताच पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका, लगेच जमा होतील. इतकं गोड बोलला की आईने टाकला पिन. ८ हजार गेले. ती दोन तास कोणाशी बोललीच नाही, मी ऑफिसातून आले तर अंधारात बसून होती. मी तिच्यावर ओरडले आधी, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग १९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला, तक्रार लिहून घेतली, बँकेलाही कळवलं, आणि काही महिन्यांनी ५ हजार परत मिळाले कारण तेवढे समोरच्या खात्यातून निघाले नव्हते. उशीर केला असता तर तेही गेले असते. आईने सहा महिने फोनवरून एक रुपया दिला नाही कोणाला. नंतर तिने स्वतःच एक कागद लिहून फोनच्या कव्हरमध्ये आतून लावला: "पैसे यायले पिन लागत नाही. १९३०." आता भाजीवाल्याला तीच स्कॅन करून देते.

*

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, नोकरी नागपुरात. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच फोनवरून पिकाची नोंद करायचं सरकारी अ‍ॅप, २०२१ ला आलं तेव्हापासून काकांचा रविवारी फोन ठरलेला, "अरे येऊन जा, ते फोटोचं करून दे." शेतात उभं राहूनच फोटो लागतो आणि आमच्या बागेत रेंजचा पत्ता नाही. एकदा मी तसाच परत आलो होतो चिडून. नंतर कळलं की फोटो रेंज नसतानाही काढता येतो, फोनमध्ये राहतो, गावात पारावर येऊन अपलोड केला की झालं. हे काकांना बांधावरच दोनदा करायला लावलं. यंदा त्यांनी आपला गट नंबर तर भरलाच, शेजारच्या दोघांचंही करून दिलं.

*

माझी आजी लिहित नाही. माईकचं बटण दाबून मराठीत बोलते, "काय करून राहिला रे, जेवला का," आणि अक्षरं उमटतात. हैदराबादला बसून ते वाचताना मला तिचाच आवाज ऐकू येतो.

*

धागा मीच काढला होता, सगळ्यांचं वाचून राहिलो. नंदनवनच्या ताई, तुमच्या आईंचं वाक्य बाबांना दाखवलं. त्यांनी डायरीच्या पहिल्याच पानावर उतरवून घेतलं, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, आणि १९३० च्या खाली दोन रेघा ओढल्या.