कोलवित्झ यांचं ‘आईवडील’: चेहरे दिसत नाहीत, तरी एवढं दुःख कुठून येतं?

परभणीची_चित्रकला:
नमस्कार. परभणीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवते. जर्मन चित्रकार केटे कोलवित्झ यांच्या ‘युद्ध’ मालिकेतलं ‘आईवडील’ हे काष्ठछापचित्र (लाकूड कोरून छापलेलं चित्र) नववीला दाखवलं. गुडघे टेकलेले नवरा-बायको, एकमेकांत मिसळलेले. बापानं हातानं तोंड झाकलंय, आईचं डोकं पार खाली गेलंय. आख्खा वर्ग गप्प. माझ्या मते पेन्सिलीत हे असं उतरलं नसतं. लाकडात असं काय आहे?

नांदेडचा_सुतार:
ताई, फोटो मोठा करून बघितला. जेवढं कोरून काढलं तेवढं कागदावर पांढरं. जे राहिलं त्याला शाई लागते. इथं काढलंय कमी, ठेवलंय जास्त. म्हणून दोन माणसांचा मिळून एकच काळा गठ्ठा झालाय. त्यात कुणाला वेगळं करताच येत नाही. मला तर बघून लई वाईट वाटलं.

छापकाम_संभाजीनगर:
कोलवित्झ यांचा धाकटा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात, १९१४च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये मारला गेला, १८ वर्षांचा. त्या आधी एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छपाई), लिथोग्राफ (दगडावरून छपाई) करायच्या. १९२०मध्ये जर्मन शिल्पकार बार्लाख यांची काष्ठछापचित्रं पाहिली आणि लाकूड धरलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा १९०५चा ‘ब्रुके’ हा चित्रकारांचा गटही लाकडावर काम करायचा, पण या त्यात नव्हत्या. त्या गटाच्या चित्रांत टोकदारपणा जास्त. मला कोलवित्झच जवळच्या वाटतात.

परभणीची_चित्रकला:
दोघांचे आभार. मुलींना कोरायला लाकूडच देऊ का?

नांदेडचा_सुतार:
आधी लिनो द्या, म्हणजे कोरायची मऊ लिनोलियमची शीट. त्याला लाकडासारख्या रेषा नसतात, कोरायला सोपं जातं. तरी पटाशी सटकू शकते. म्हणून दुसरा हात कायम पटाशीच्या मागं.