मदत हवी आहे: भाच्याची केस घ्यायला वकील तयार नाहीत

डिचोली_मामा: भाच्याला पोलिसांनी पहाटे घरातून नेलं. तालुक्यातले वकील वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद) घेत नाहीत. एकाने कागद परत दिले, "आमच्या संघटनेचा ठराव झालाय" म्हणाला. बाहेरचा वकील चालतो का? लवकर सांगा, बहीण जेवायलाही तयार नाही.

मांडवीकाठ: कलम कोणतं? पोलीस कोठडी की न्यायालयीन? अटकेची कारणं लेखी मिळाली का? मुलाचं वय?

डिचोली_मामा: अहो, वकीलच नाही, कलमाचं मागाहून बघू. वय १९. पोलीस कोठडी.

फोंड्याची_सून: माझ्या दिराच्या वेळी आम्ही आमदारांना भेटलो होतो. एक फोन झाला की कामं हलतात. तुम्हीही भेटा.

मांडवीकाठ: वहिनी, आमदार वकालतनाम्यावर सही करू शकत नाहीत. मामा, ठराव होण्याइतकं काय घडलं ते सांगा.

डिचोली_मामा: देवळाची फंडपेटी फोडली, राखणदाराला मार लागला, तो बांबोळीला सरकारी इस्पितळात वारला. खुनाचं कलम १०३ लावलंय. भाचा तिथे नव्हताच, पण आमचं ऐकतो कोण?

सत्तरीकर: मग वकील नाही म्हणतात यात नवल काय? त्या राखणदाराच्या बायकामुलांचा वकील कोण? गावाने देवाच्या दारात रक्त बघितलंय.

मांडवीकाठ: त्यांच्या बाजूने सरकारी वकील उभा असतो, शिवाय कोर्टाच्या परवानगीने ते त्याच्या मदतीला स्वतःचा वकील देऊ शकतात. पीडितांसाठी भरपाईची योजनाही आहे. त्यांचं दुःख खरंच आहे, पण खरा गुन्हेगार सापडावा असं त्यांनाही वाटत असणार. उलटतपासणी घेणारा कोणी नसेल तर चुकीचा माणूस आत जाईल. २६/११ च्या कसाबलाही वकील मिळाला, सुप्रीम कोर्टात त्याची बाजू राजू रामचंद्रन यांनी मांडली. फाशी झाली ती त्यानंतर.

सत्तरीकर: त्याच्यावर खर्च किती झाला तेही लिहा.

पणजी_कोर्टरोड: ठरावाचं घ्या. कोइम्बतूरच्या वकिलांनी आरोपी पोलिसांची केस घ्यायची नाही असा ठराव केला होता. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव रद्दबातल ठरवले. बार कौन्सिलचा नियमही सांगतो की आरोपी दोषी आहे असं वैयक्तिक मत असलं तरी वकिलाने बचाव करायचा. बाहेरचा वकील चालतो, म्हापशाचा आणा की मडगावचा. पण मी म्हणतो, सरळ पर्वरीला हायकोर्टात रिट अर्ज टाका.

मांडवीकाठ: रिटलाही वकीलच लागेल, आणि रिमांड, म्हणजे कोठडी वाढवायची सुनावणी, त्याच्यासाठी थांबणार नाही. मामा, आधी विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करा.

फोंड्याची_सून: फुकटचे वकील पाट्या टाकतात हो. दागिने मोडा, पण मोठा वकील करा.

मांडवीकाठ: सरसकट असं म्हणू नका. मडगावला मी मोफत वकिलाला तासभर पंचाची उलटतपासणी घेताना पाहिलंय. जप्तीच्या वेळी आपण पोलीस ठाण्याच्या बाहेर उभे होतो, हे पंचाने शेवटी कबूल केलं.

जुना_मळा: गोव्यात पोर्तुगीज कायदा ना? इथे सगळं वेगळं असतं. वारसदाखल्याच्या वेळी आम्ही अनुभवलंय.

पणजी_कोर्टरोड: तो १८६७ चा नागरी कायदा, लग्न-वारशापुरता. फौजदारीत इथेही देशाचाच कायदा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ नाही, पण भेटता येतं.

डिचोली_मामा: १५१०० लागला. तालुका समितीकडे अर्ज द्या म्हणाले. उद्या रिमांड आहे. अर्ज बहिणीने लिहायचा की भाच्याने? वकालतनाम्यावर त्याची सही कशी घ्यायची?

मांडवीकाठ: अर्ज बहिणीने दिला तरी चालतो. साधा कागद: मुलाचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलम, "वकील नाही, मोफत वकील द्यावा". सही उद्या कोर्टात आणतील तेव्हाच घ्या. नंतर कोलवाळच्या तुरुंगात गेला तर सहीवर तुरुंग अधिकाऱ्याची साक्ष लागते, त्यात वेळ जातो. आणि भाच्याने मॅजिस्ट्रेटसमोर स्वतःच्या तोंडाने मोठ्याने सांगायचं, मला वकील नाही, मला वकील हवा. हे आज रात्रीच त्याच्यापर्यंत पोचवा.